उपरण्याखालचा हात

जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांतील समस्त रहिवासी, त्यांचे पाव्हणेरावळे, त्यांचे बैल आणि तळ्याकाठच्या जळवा यांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, मेंदूत अडकणाऱ्या रक्ताच्या गाठीविषयीचं एक थोर संशोधन एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या अखेरीस आमच्या ओटीवर पार पडलं. जगानं त्याची दखल घेतली नाही. जगाचं हे नेहमीचंच आहे. संशोधक एकूण चार होते: जुन्नरचे एक डॉक्टर, जळवा लावणारी एक म्हातारी, माझी आई, आणि नोंदवहीचा प्रमुख या नात्यानं मी. ज्यांच्यावर हे संशोधन झालं ते माझे वडील. त्यांना घरात आणि बेल्ह्याच्या सगळ्या बैलबाजारात आबा म्हणत.

एवढं गांभीर्य पुरे. मला ते फार वेळ पेलत नाही.

आबा हेडी होते. बैल विकणारा आणि बैल घेणारा यांच्या मधे उभा राहून जो सौदा जुळवतो, आणि अधूनमधून स्वतःही जनावरं घेतो-विकतो, तो हेडी. आमचं गाव बेल्ह्यापासून कोसभरावर. त्यामुळे बाजाराचा दिवस हा आमच्या घरात सणासारखा असे. पहाटे आबा पांढरंस्वच्छ धोतर नेसत, फेटा बांधत, डाव्या खांद्यावर उपरणं टाकत, आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत ते आमचे नसत, बाजाराचे असत.

त्या उपरण्याखाली त्यांची सगळी विद्या होती. बैलाचा भाव तोंडानं बोलायचा नाही, ही बाजाराची रीत. दोघं समोरासमोर उभे राहत, उजवे हात एकमेकांच्या हातात देत, वर उपरणं पडे, आणि खाली बोटं बोलू लागत. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच, बोटाचं पेर दाबलं की अर्धं. ते शेकड्यात समजायचं की दहात, हे बैलाकडे बघून कळे. समोरच्यानं सांगितलेला भाव पटला नाही, तर आपण आपल्या बोटांनी उलटा भाव सांगायचा. हात गप्प राहिला तर सौदा पक्का. आणि हे सगळं चाललेलं असताना दोघांचे चेहरे असे, की जणू खालचे हात दुसऱ्याच कुणाचे आहेत. एक जण डोंगराकडे बघतोय, दुसरा विचारतोय, "मंग पोरीचं जमलं का कुठं?"

या विद्येचे दोन कडक नियम होते. हात उजवाच. डाव्या हाताची कामं वेगळी आणि ती सर्वांना ठाऊक आहेत. दुसरा नियम असा, की उपरण्याखाली जे बोललं गेलं ते ओठांवर कधीच आणायचं नाही. सौदा फिसकटला तरी नाही, घरी बायकोपाशीसुद्धा नाही. आई म्हणायची, "पस्तीस वर्सं संसार केला या मानसासंगं. कंचा बैल कितीला घेतला ते बैल मेल्यावरबी मला कळलं न्हाई."

मी तेव्हा चोविशीत होतो. इंटर सायन्सला नापास होऊन महाळुंगे पडवळच्या शाळेत मास्तर झालो होतो. बैलातलं मला एवढंच कळे की त्याला दोन शिंगं असतात. आबांनी मला बोटांची भाषा शिकवायचा एकदाच प्रयत्न केला आणि "तू पोरांना पाढेच शिकव" असं म्हणून हात सोडून दिला.

संक्रांत होऊन चारपाच दिवस झाले होते. माझा गणिताचा तास चालू असताना एसटीचा कंडक्टर वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. गाडी रस्त्यावर तशीच घुरघुरत होती. "मास्तर, बेल्ह्याकडून निरोप हाय. आबांच्या अंगावरनं वारं गेलंय. चला, बसा." मी खडू हातात घेऊनच गाडीत बसलो.

घरी पोचलो तर आबा ओटीवर घोंगडीवर पडलेले. सकाळी बैलांना वैरण टाकताना गोठ्यातच कोसळले होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा पाय जड, आणि उजवा हात म्हणजे भिजलेलं चऱ्हाट. डोळे मात्र लख्ख जागे होते. मी जवळ बसलो तर माझ्याकडे बघून ते म्हणाले, "बरं."

पुढचे अडीच महिने त्यांच्याजवळ हा एकच शब्द होता. पाणी हवं तर "बरं", नको तर "बरं", माशी बसली तर "बरं", आणि शेजारचा म्हातारा तासभर बसून उठेना तेव्हा जे "बरं" आलं, त्यात किमान चार शिव्या होत्या.

पायऱ्यांवर निम्मं गाव जमलेलं. कुणी म्हणे पारव्याचं रक्त चोळा, कुणी म्हणे दृष्ट काढा, एकाच्या पिशवीत तर जिवंत पारवा फडफडत होता. आईनं त्या सगळ्यांना पायरीच्या वर येऊ दिलं नाही. "डाक्टर येऊन गेल्यावर बघू. तवर तुमचा पारवा ऱ्हाऊ द्या जित्ता."

डॉक्टर जुन्नरचे. दर बाजाराला बेल्ह्यात एका खोलीत दवाखाना लावत. वय असेल तिशीचं, अंगानं काटकुळे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. पुण्याच्या त्यांच्या एका शिक्षकांकडून त्यांना परदेशी वैद्यकीय मासिकं येत. सहासहा महिने जुनी असत, पण डॉक्टर ती सासरहून आलेल्या पत्रासारखी वाचत. दुसऱ्या दिवशी बाजार होता, म्हणून त्यांना आमच्याच बैलगाडीतून आणलं. त्यांनी आबांना पायापासून डोक्यापर्यंत तपासलं आणि सांगितलं, "डोक्यातल्या शिरेत रक्ताची गाठ अडकली असावी. तिच्या पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. हात हलवायचं आणि बोलायचं काम तोच भाग करतो."

"असावी म्हंजी?" आईनं विचारलं.

"म्हणजे, कदाचित गाठ नसेलही. शीर फुटून आत रक्त सांडलेलं असेल. दोन्हीत माणूस असाच दिसतो."

आईनं आबांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "म्हंजी एक तर पान्याच्या दंडात ढेकूळ आडकलंय, न्हाईतर दंडच फुटलाय. वाफा दोन्हीकडनं गेला."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "वहिनी, हे समजायला मला कॉलेजात एक वर्ष लागलं होतं."

"मग ढेकूळ काढा की."

"त्याचं औषध आपल्याकडे नाही. परदेशात काही डॉक्टर गाठ विरघळवणारं औषध शिरेतून देऊन बघतायत, पण अजून नुसते प्रयोग आहेत. रक्त लवकर गोठू नये अशी औषधं आहेत. पण समजा मी ती दिली आणि आत दंड फुटलेला असला, तर?"

"तर सगळं वावर पान्यात," आई म्हणाली.

"बाहेरून कळायचा काही मार्ग?" मी विचारलं.

"इथं बसून नाही. पुण्याला नेलं तर पाठीतून पाणी काढून थोडा अंदाज येतो. पण आत्ता त्यांना एवढ्या लांब हलवणं मला धोक्याचं वाटतं. मास्तर, मला माहीत नाही, हेच माझं आजचं निदान."

आमच्या गावात डॉक्टरानं "मला माहीत नाही" म्हटल्याचा हा पहिलाच प्रसंग. पायरीवरचा पारवावाला एकदम ताठ झाला. पण आईचा त्या माणसावर त्याच क्षणी विश्वास बसला. ती मला नंतर म्हणाली, "खोटं बोलायला त्याला काय लागत व्हतं? इंजिक्शन मारून पैसं घिऊन गेला असता."

आता मी स्वतः पन्नाशीला टेकलोय. आता म्हणे हृदयातली गाठ विरघळवायचं इंजेक्शन मोठ्या शहरांत मिळतं, आणि डोक्याचा आतला फोटो काढून ढेकूळ आहे की दंड फुटलाय ते दाखवणारं यंत्रही आलंय. डोक्यातल्या गाठीला मात्र ते इंजेक्शन द्यायला डॉक्टर अजून बिचकतात. का बिचकतात, हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडत नाही. आईचा दंड मला पाठ आहे.

त्या दिवशी निघताना डॉक्टर मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही सायन्सला होता ना?"

"इंटरला नापास झालो."

"म्हणजे होता. रविवारी जुन्नरला या."

गेलो. त्यांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत एका मोडक्या टेबलावर काचेच्या नळ्या मांडलेल्या होत्या आणि खाली जमिनीवर एक म्हातारी ओलं फडकं बांधलेलं मडकं घेऊन बसली होती. ती मागच्याच गल्लीतली. तिच्या घरात गळवांना जळवा लावायचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. सगळं जुन्नर तिला खाला म्हणे. डॉक्टरांनी पाहिलं होतं की जळू सुटून पडली तरी त्या जागेतून रक्त दुसऱ्या दिवसापर्यंत झिरपत राहतं. म्हणजे जळवेच्या तोंडात असं काहीतरी आहे की जे रक्ताला गोठू देत नाही. हे मासिकांत छापून आलेलंच होतं. पण डॉक्टरांच्या डोक्यात पुढचा प्रश्न होता: जे गोठू देत नाही, ते गोठलेलं सोडवेल का?

खालानं मोठ्या जड मनानं दोन जळवा दिल्या. डॉक्टरांनी त्यांची तोंडं कापून मिठाच्या पाण्यात खलली, तेव्हा तिनं पदर डोळ्यांना लावला. "बीस बरस से इनको मैं पाल रई हूँ, और तुम चटनी बना दिये!"

मग रक्त हवं होतं. विज्ञानासाठी मी बाही वर केली. "घ्या डॉक्टर, हवं तेवढं घ्या," असं मी खास नाटकातल्या आवाजात म्हणालो. सुई आत गेलेली आठवते. त्यानंतरचं आठवतं ते थेट बाकावरचं. खाला माझ्या तोंडावर पाणी मारत होती. "मास्तर को तो अभी जलू लगाई बी नई!"

माझं रक्त तीन नळ्यांत पडलं होतं. डॉक्टर ठराविक वेळानं एकेक नळी तिरपी करून बघत. पहिल्या नळीत नुसतं रक्त. आमचा चहा संपेपर्यंत ती उलटी केली तरी थेंब सांडेना, जेलीसारखं घट्ट. दुसऱ्या नळीत आधीच जळवांचं पाणी घातलेलं. ते रक्त संध्याकाळपर्यंत पाण्यासारखं वाहत होतं. डॉक्टरांनी टाळी वाजवली. आता तिसरी. तिच्यात रक्त आधी गोठू दिलं होतं आणि मग वरून जळवांचं पाणी सोडलं होतं. डॉक्टरांनी ती तिरपी केली. काही नाही. अर्ध्या तासानं पुन्हा. काही नाही. ऊन खिडकीतून निघून गेलं, डॉक्टर नळी तिरपी करतच होते, आणि आतला तो लाल गोळा आपला जागच्या जागी.

खाला इतका वेळ बघत होती. ती म्हणाली, "डाक्टरसाब, जलू दूध को जमने नई देती, वो सच. पन जम गया सो दही, उसका दूध कब्बी हुआ है क्या?"

डॉक्टर नळीकडे बघतच म्हणाले, "खाला, परदेश में बडे बडे लोग वोईच करने को बैठे हैं."

"दही का दूध?"

"हां."

"बैठने दो," खाला मडकं उचलत म्हणाली. "हो गया तो मेरे कू बी बुलाना."

मी वहीत लिहिलं: गोठू न देणे, होय. गोठलेले सोडवणे, नाही. आजही मला वाटतं की त्या दोन ओळींत त्या विषयाचं सार आलं होतं. पण बेल्ह्याच्या एसटीत बसल्यावर मात्र मला रडू फुटलं. नळीतला तो हट्टी गोळा मला आबांच्या डोक्यात दिसू लागला होता.

डॉक्टरांनी हार मानली नाही. त्यांचं म्हणणं, शरीर कधीकधी स्वतःच हळूहळू गाठ खातं, आणि कधी मेंदूचा शेजारचा भाग मेलेल्या भागाचं काम शिकून घेतो. असं काही होतंय का, ते बघायचं तर रोज मोजलं पाहिजे. म्हणून रोज एकदा आबांच्या उजव्या हातात आपली बोटं द्यायची, "दाबा" म्हणायचं, आणि शून्य ते पाच यांत गुण द्यायचे. शनिवार-रविवारी मी, बाजाराच्या दिवशी डॉक्टर, बाकीचे दिवस आई. आईला लिहिता येत नव्हतं, म्हणून ती गेरूनं भिंतीवर काढी. दाब आला तर उभी रेघ, नाही आला तर गोल. दोन महिन्यांत आमच्या ओटीच्या भिंतीवर नुसत्या शून्यांची रांगोळी झाली.

ही तपासणी ओटीवर, उजेडात, सगळ्यांसमोर चाले. गावाला दुसरी करमणूक नव्हती. चारसहा जण तंबाखू मळत बसलेले असत. डॉक्टर म्हणत, "हं आबा, दाबा." आबा म्हणत, "बरं." सगळ्या माना पुढे येत. हात मेलेला. मग "अरारारा" असा एक सामुदायिक सुस्कारा. आबांचा चेहरा अशा वेळी पार वेगळाच होई. चारचौघांत कुणी धोतर सोडायला सांगावं तसे ते डॉक्टरांकडे बघत आणि नजर वळवत. मी तो हतबलतेचा भाव समजलो. वहीत तसं लिहिलंही.

पाय मात्र सुधारला. शिमग्यापर्यंत ते काठी घेऊन गोठ्यापर्यंत जाऊ लागले. आपल्या खिलारी जोडीच्या मानेवरून डावा हात फिरवत उभे राहत. तोंडही बरंच सरळ झालं.

एकदा लोणीचा हेडी बघायला आला. आबांचा तो वीस वर्षांचा वैरी. पोट सुटलेला, तोंडात पान, बोलण्यात नुसतं तेल. दोघांनी एकमेकांना इतक्या वेळा फसवलं होतं की त्याला मैत्रीच म्हणायला हवं. ओटीवर बसकण मारून तो म्हणाला, "आबा, लवकर उठा राव. तुमच्याबिगर बाजारात फसवायला कुनी मिळंना."

"बरं," आबा म्हणाले, आणि त्या दिवशी ते पहिल्यांदा हसले.

पण पायऱ्या उतरल्यावर त्यानं मला हळूच विचारलं, "मास्तर, उजवाच गेला का?"

"हो."

"मंग संपलं की राव." त्याचा आवाज एकदम खरा झाला होता. "डावा हात आमी धरीत न्हाई. तसं बसायला या म्हनावं, च्या पाजू. पर सौद्यात न्हाई."

तो हळू बोलला होता, पण ओटी तीन हातांवर होती. आबांनी त्या रात्री भाकरीला हात लावला नाही. आईनं ताट पुढे सरकवलं तर "बरं" म्हणून मागे सारलं. तोवर मी समजत होतो की आबांचा जीव वाचला, आता बाकी सगळं वरकड. त्या संध्याकाळी मला कळलं की आबांच्या हिशेबानं अजून काहीच वाचलेलं नाही. बाजारात चहा प्यायला जाणारा म्हातारा व्हायचं, की हेडी म्हणून उभं राहायचं, याचा निकाल त्या पाच बोटांत होता.

उन्हाळा लागला. मी शाळेत, आई एकटी, एका माणसाची शुश्रूषा आणि दोन बैलांची. तिनं ठरवलं, जोडी विकायची. मी भीत भीत आबांना सांगितलं. त्यांनी "बरं"सुद्धा म्हटलं नाही. मग काठीनं खुंटीवरच्या फेट्याकडे खूण केली. विकायची तर ते स्वतः येणार होते.

त्या पहाटे आईनं त्यांना धोतर नेसवलं, मी फेटा बांधला, वाकडाच बांधला. आईनं उपरणं खांद्यावर टाकलं आणि स्वतःही गाडीत चढली. "बाया येत न्हाईत बैलबाजारात," मी म्हणालो. "मंग आज एक आली म्हनायची," ती म्हणाली.

बेल्ह्यात आधी डॉक्टरांच्या खोलीवर गेलो. त्यांनी आपली दोन बोटं आबांच्या हातात दिली. "दाबा." बाहेर रांगेत बसलेले दहाबारा रोगी बघत होते. हात पडून राहिला. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "अडीच महिने झाले, मास्तर. इतक्या दिवसांत बोटांची काहीच हालचाल नाही म्हणजे आता आशा थोडी. आजचं शून्य लिहा आणि वही बंद करा." मी लिहिलं. मग ते खोलीला कडी लावून आमच्याबरोबरच निघाले. म्हणाले चहा प्यायचाय, पण चहाची टपरी दुसऱ्या बाजूला होती.

बाजारात आबा दिसताच माणसं बाजूला होऊन वाट देऊ लागली. रामराम झाले, विचारपूस झाली, जोडीच्या दातांत बघून झालं, शेपट्या पिरगाळून झाल्या. पण सौद्याला कुणी पुढे येईना. हात कुणाचा धरायचा, हीच पंचाईत. शेवटी लोणीचा हेडी गर्दीतून वाट काढत आला.

"मी घेतो जोडी."

मी माझा हात पुढे केला. तो हसला. "मास्तर, तुमचा हात खडूचा. धनी समोर बसला असताना पोराचा हात कशापायी धरू?"

वैरणीच्या एका उलट्या पाटीवर आबा बसले होते. त्यांच्या समोर तो उकिडवा बसला, मांडीवर पडलेला आबांचा उजवा हात त्यानं दोन्ही हातांनी अलगद उचलला, आपल्या उजव्या हातात घेतला, आणि आबांच्याच खांद्यावरचं उपरणं ओढून त्यावर टाकलं. सगळीकडून माणसं गोळा झाली.

"आरं, मेल्या हातासंगं कसला सौदा करतो?" आई गाडीजवळून ओरडली.

"रीत हाय वैनी. हात गप, तर सौदा पक्का."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा गडी बोटांवर वाटेल तो भाव सांगणार, मेलेला हात गप्प राहणार, आणि चारशे माणसांदेखत रीतीप्रमाणे आमची खिलारी जोडी मातीमोलानं लोणीला जाणार. थट्टाही होती, मानही होता आणि लबाडीही होती. त्यानं तिन्ही एकाच वेळी बसवलं होतं. मी काही बोलणार तोच आबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तोंड मिटलं.

लोणीच्या हेड्यानं डोंगराकडे तोंड केलं. उपरणं जरासं हललं. त्यानं भाव सांगितला होता.

"काय आबा, यंदा आंब्याला मोहर बरा व्हता न्हवं?"

"बरं," आबा म्हणाले. तेही डोंगराकडेच बघत होते. अडीच महिन्यांत प्रथमच त्यांचा चेहरा जसा हवा तसा होता, म्हणजे त्यावर काहीही नव्हतं.

सौदा पक्का झाला असं समजून हेडी हात सोडवायला गेला, आणि थांबला. त्याचं पान चघळणं बंद पडलं. त्यानं उपरण्याकडे बघितलं. सौद्याच्या मधे खाली बघायचं नसतं, पण त्यानं बघितलं. उपरणं पुन्हा हललं, आणि या वेळी ते आबांच्या बाजूनं हललं होतं.

डॉक्टर नंतर मला म्हणाले, की "दाबा" असा हुकूम ज्या हाताला कळत नाही, तो कधीकधी जन्माच्या सवयीला ऐकतो, हे त्यांनी वाचलं होतं, पण बघितलं नव्हतं. आम्ही चाळीस वर्षं उपरण्याखाली बोललेल्या बोटांना उजेडात, चारचौघांसमोर, रिकाम्या हातानं बोलायला सांगत होतो, आणि ती बोलली नाहीत म्हणून भिंतीवर शून्यं काढत होतो. ती बोटं कुठल्या दिवशी जागी झाली, आतली गाठ विरघळली की शेजारचा भाग काम शिकला, हे कुणालाच कधी कळणार नाही. पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी डॉक्टर माझ्या दंडाला इतकं घट्ट धरून उभे होते की तिथे दोन दिवस वळ होता, आणि माझी आई गाडी सोडून गर्दीत घुसली होती.

उपरणं तिसऱ्यांदा हललं. आता ते चांगलंच हललं, सगळ्यांना दिसेल असं. आबा अजून डोंगराकडे बघत होते. आणि लोणीचा हेडी, ज्याच्या तोंडून वीस वर्षांत उपरण्याखालचा एक आकडा बाहेर पडला नव्हता, तो सगळी रीत, सगळी लबाडी आणि तोंडातलं पान विसरून भर बाजारात ओरडला:

"आरं बाबौ! ह्यो मेलेला हात तर भाव वाढवतुय की राव!"